दोन पोलरायझरच्या मधला नमुना : बायरेफ्रिन्जन्स मोजायला शिकताना

पोलरायझर म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणारा फिल्टर. असे दोन पोलरायझर एकमेकांना काटकोनात ठेवले की पलीकडे काळोख होतो. मध्ये चांगल्या काचेचा तुकडा सरकवला तरी काळोख तसाच राहतो. पण ताणून बनवलेली प्लॅस्टिकची फिल्म, अभ्रकाचा पापुद्रा किंवा घाईने थंड केलेली काच मध्ये आली की ती उजळते आणि बरेचदा रंगीत दिसते. नमुना न कापता, न मोडता त्याच्या आतली रेणूंची मांडणी किंवा आत साचलेला ताण असा डोळ्यांसमोर येतो. एवढ्या साध्या साधनातून एवढं सांगणारी दुसरी पद्धत मटेरियल्सच्या प्रयोगशाळेत मला तरी माहीत नाही.

ही पद्धत सोपी दिसते आणि म्हणूनच तिच्यातून चुकीचे निष्कर्ष पटकन निघतात. दिसणारा रंग हा एका गुणाकाराचा परिणाम असतो. त्यात एक भाग पदार्थाच्या गुणधर्माचा असतो आणि दुसरा नमुन्याच्या जाडीचा. नुसता गुणाकार बघून पदार्थाबद्दल काहीही ठामपणे सांगता येत नाही. त्या गुणाकारापासून भरवशाच्या आकड्यापर्यंत कसं पोहोचायचं, हे नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी इथे लिहितो आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी

१६६९ मध्ये डॅनिश शास्त्रज्ञ एरास्मुस बार्थोलिन यांनी आइसलंडहून आलेल्या कॅल्साइटच्या स्फटिकाचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्या स्फटिकातून पाहिलं की प्रत्येक गोष्ट दोनदा दिसते. एका किरणाचे आत शिरताना दोन किरण होतात. आज याचं कारण आपण असं सांगतो : स्फटिकातले इलेक्ट्रॉन सगळ्या दिशांना सारख्याच सहजतेने हलत नाहीत. त्यामुळे एका दिशेने कंप पावणारा प्रकाश आत एका वेगाने जातो आणि तिच्या काटकोनात कंप पावणारा वेगळ्या वेगाने. वेग वेगळे म्हणजे अपवर्तनांकही वेगळे. या दोन अपवर्तनांकांतला फरक म्हणजेच बायरेफ्रिन्जन्स, मराठीत द्विअपवर्तन.

कॅल्साइटचे दोन अपवर्तनांक १.६५८ आणि १.४८६ आहेत, फरक ०.१७२. क्वार्ट्‌झचे १.५४४ आणि १.५५३, फरक जेमतेम ०.००९. मीठ किंवा हिरा यांसारख्या घनाकृती जाळीच्या स्फटिकांत आणि ताणविरहित काचेत हा फरक शून्य असतो.

नमुन्यातून बाहेर पडताना संथ चालणारा घटक वेगवान घटकाच्या मागे पडतो. किती मागे पडला त्या अंतराला रिटार्डेशन म्हणतात आणि ते नॅनोमीटरमध्ये मोजतात :

रिटार्डेशन = बायरेफ्रिन्जन्स × जाडी

खडकांचे पातळ छेद साधारण ३० मायक्रॉन जाडीचे करतात. त्या जाडीला क्वार्ट्‌झचं रिटार्डेशन २७० नॅनोमीटर येतं आणि कण करडा-पांढरा दिसतो. कॅल्साइटचं ५,१६० नॅनोमीटर येतं आणि तोही पांढरटच दिसतो, पण वेगळ्या कारणाने. ते पुढे येईलच. छेद घासताना चुकून ६० मायक्रॉनचा राहिला, तर तोच क्वार्ट्‌झ ५४० नॅनोमीटरला लालसर-किरमिजी दिसेल. रंग बदलला, क्वार्ट्‌झ तोच आहे.

काळोख तपासा

काम पोलरायझिंग मायक्रोस्कोपवर करा किंवा टेबलावरच्या साध्या पोलरिस्कोपवर, सुरुवात रिकाम्या मांडणीने करायची. नमुना ठेवू नका. पोलरायझर आणि अॅनालायझर (नमुन्याच्या पलीकडचा दुसरा पोलरायझर) काटकोनात आणा आणि दिसणारं क्षेत्र खरोखर काळं आहे का ते बघा. करडेपणा दिसत असेल तर वाटेतला एखादा भाग स्वतःच बायरेफ्रिन्जन्ट आहे. एकेक भाग काढून बघत गेलं की दोषी सापडतो. बहुतेकदा तो ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळचं भिंग) किंवा कंडेन्सर (नमुन्यावर प्रकाश एकवटणारं भिंग) असतो. या कामासाठी ताणविरहित काचेचे ऑब्जेक्टिव्ह वेगळे मिळतात, तेच वापरावेत. प्लॅस्टिकची पेट्री डिश तर कधीच मध्ये येऊ देऊ नका. साच्यात ओतून बनवलेलं प्लॅस्टिक स्वतःच उजळतं आणि मग तुम्ही नमुन्याऐवजी डिश मोजत बसता.

यानंतर फिरती स्टेज मध्यावर आणा. स्टेज फिरवताना मधला कण जागेवरच फिरला पाहिजे. तो वर्तुळात पळत असेल तर ऑब्जेक्टिव्हचे सेंटरिंग स्क्रू लावून घ्या. हे पाच मिनिटांचं काम टाळलं तर पुढचा प्रत्येक कोन संशयास्पद होतो.

नमुन्याबद्दल तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. दोन्ही पृष्ठभाग समांतर असावेत. जिथे मोजमाप घेणार नेमक्या त्याच जागी मायक्रोमीटरने जाडी मोजून लिहून ठेवावी, कारण पाकिटावर छापलेली जाडी सरासरीची असते. आणि नमुना कुठेही आवळलेला नसावा. चिमट्याने किंवा क्लिपने दाबलेल्या काचेत लगेच नवा ताण उभा राहतो. वाळताना आकसणारा गोंदही हेच करतो.

स्टेज फिरवा, सावकाश

आता नमुना ठेवा आणि पूर्ण ३६० अंश फिरवा. बायरेफ्रिन्जन्ट नमुना एका फेरीत चार वेळा काळा होतो, दर ९० अंशांनी. या स्थितीला एक्स्टिंक्शन म्हणतात. तेव्हा नमुन्याच्या दोन मुख्य दिशा पोलरायझरच्या दिशांशी जुळलेल्या असतात. तिथून ४५ अंश फिरवलं की उजेड सर्वाधिक. रंग बघायचा आणि मोजमाप घ्यायचं ते याच ४५ अंशांच्या स्थितीत.

नमुना कुठल्याच कोनात उजळला नाही तर लगेच ‘बायरेफ्रिन्जन्स नाही’ असं लिहू नका. कॅल्साइट आणि क्वार्ट्‌झसारख्या स्फटिकांत एक दिशा अशी असते, की तिच्या रेषेत पाहिलं तर दोन्ही घटकांचा वेग सारखाच असतो. तिला ऑप्टिक अक्ष म्हणतात. कण नेमका त्या दिशेने डोळ्यासमोर आला असेल तर तो काळाच राहतो. क्वार्ट्‌झ मात्र त्या दिशेत प्रकाशाचं ध्रुवण वळवतो, त्यामुळे जाड तुकडा पूर्ण काळा होत नाही. म्हणून नमुना थोडा तिरका करून बघा, किंवा त्याच पदार्थाचे वेगवेगळ्या दिशांनी पडलेले अनेक कण बघा.

उलट बाजूही आहे. नमुना फिरवताना कुठेच काळा होत नसेल तर बहुधा एकावर एक, वेगवेगळ्या दिशेने ठेवलेले थर आहेत, किंवा दृष्टिक्षेत्राच्या मानाने फार बारीक कणांची गर्दी आहे. अशा नमुन्यात ‘एक’ बायरेफ्रिन्जन्स असा आकडा देण्यात अर्थ नसतो.

रंगावरून क्रम ओळखणं

फ्रेंच भूशास्त्रज्ञ ओग्युस्त मिशेल-लेव्ही यांनी १८८८ मध्ये जाडी, बायरेफ्रिन्जन्स आणि रंग एकाच तक्त्यावर मांडले. तो तक्ता आजही प्रयोगशाळांच्या भिंतींवर असतो. रिटार्डेशन शून्यापासून वाढत गेलं की काळा, करडा, पांढरा, पिवळा, नारिंगी, लाल असा क्रम लागतो. साधारण ५५० नॅनोमीटरला पहिली फेरी संपते. मग निळा, हिरवा, पिवळा, लाल अशी दुसरी फेरी, ती सुमारे १,१०० पर्यंत जाते. पुढच्या फेऱ्यांत रंग फिकट गुलाबी आणि फिकट हिरवे होत जातात आणि शेवटी सगळं मिसळून मोतिया पांढरं दिसतं. कॅल्साइटचा पांढरेपणा तो हा.

क्वार्ट्‌झचा पांढरा आणि कॅल्साइटचा पांढरा ओळखायचे कसे? त्यासाठी ५५० नॅनोमीटरची पट्टी असते, तिला फर्स्ट ऑर्डर रेड प्लेट म्हणतात. ती मायक्रोस्कोपच्या तिरक्या खाचेत सरकवा. नमुन्याचं रिटार्डेशन कमी असेल तर रंग एकदम उडी मारतो. समजा नमुना १५० नॅनोमीटरचा, करडा आहे. पट्टीची आणि नमुन्याची संथ दिशा (जिच्या रेषेत कंप पावणारा प्रकाश सावकाश जातो ती) एकाच रेषेत असेल तर बेरीज होते, ७०० नॅनोमीटर, म्हणजे निळा. काटकोनात असेल तर वजाबाकी, ४०० नॅनोमीटर, म्हणजे पिवळा. कॅल्साइटच्या ५,००० च्या आसपासच्या पांढऱ्यात मात्र ५५० मिळवा किंवा वजा करा, डोळ्याला जवळपास काहीच फरक कळत नाही.

या पट्टीचं खरं मोल दिशा सांगण्यात आहे. पट्टीवर संथ दिशा ग्रीक अक्षर गॅमाने कोरलेली असते. निळा की पिवळा एवढ्यावरून नमुन्यातली संथ दिशा कोणती हे ठरतं, आणि बहुतेक पॉलिमरमध्ये त्यावरून रेणूंच्या साखळ्या कुठल्या बाजूला पडल्या आहेत हे कळतं. पट्टी वापरण्याआधी दिशा माहीत असलेल्या एखाद्या नमुन्यावर ती एकदा पडताळून घ्या.

आकडा काढणं : सेनार्मों पद्धत

रंगावरून अंदाज येतो, शोधनिबंधात टाकण्याजोगा आकडा येत नाही. त्यासाठी कॉम्पेन्सेटर (नमुन्याचं रिटार्डेशन भरून काढून ते मोजणारा भाग) लागतो. बेरेक कॉम्पेन्सेटर मोठ्या रिटार्डेशनसाठी उपयोगी पडतो. मी नवख्यांना आधी सेनार्मों पद्धत शिकायला सांगतो, कारण तिच्यात काय घडतं आहे ते पायरीपायरीने समजतं.

१. पांढऱ्या दिव्यापुढे ५४६ नॅनोमीटरचा हिरवा फिल्टर लावा.

२. नमुना एक्स्टिंक्शनला आणा, तिथून अचूक ४५ अंश फिरवा.

३. नमुना आणि अॅनालायझर यांच्या मध्ये क्वार्टर-वेव्ह प्लेट (पाव तरंगलांबीचं रिटार्डेशन देणारी पट्टी) घाला. तिची अक्षदिशा पोलरायझरला समांतर हवी. ही प्लेटही ५४६ नॅनोमीटरसाठीचीच असावी.

४. आता अॅनालायझर फिरवत जा. नमुन्याचा हवा तो भाग पूर्ण काळा झाला की कोन वाचा.

५. कोन × ५४६ ÷ १८० केलं की रिटार्डेशन मिळतं. म्हणजे अॅनालायझरचा प्रत्येक अंश सुमारे ३ नॅनोमीटरचा.

एक उदाहरण घेऊ. फिल्मची जाडी ५० मायक्रॉन, कोन ४० अंश. रिटार्डेशन १२१ नॅनोमीटर, भागिले ५०,००० नॅनोमीटर, म्हणजे बायरेफ्रिन्जन्स ०.००२४. उत्तर नीटनेटकं दिसतं, पण अजून ते खरं मानू नका. सेनार्मों पद्धत फक्त पूर्ण तरंगलांबीच्या वरचा तुकडा सांगते. नमुन्यात एक अख्खी तरंगलांबी आधीच भरलेली असेल तर खरं रिटार्डेशन ५४६ अधिक १२१, म्हणजे ६६७ आणि बायरेफ्रिन्जन्स ०.०१३३. दोन्ही उत्तरांत पाचपटीहून जास्त अंतर आहे आणि अॅनालायझरचा कोन मात्र दोन्हीकडे सारखाच.

सोडवणूक पांढऱ्या प्रकाशात होते. फिल्टर काढून बघा. नमुना करडा दिसला तर १२१, निळा दिसला तर ६६७. रिटार्डेशन आणखी मोठं असेल तर फिल्मची कड धारदार पात्याने तिरकी, पाचरीसारखी कापा. पाचरीच्या पातळ टोकाला रिटार्डेशन शून्य असतं. तिथून पूर्ण जाडीपर्यंत हिरव्या प्रकाशात काळे पट्टे मोजत या, दर पट्टा एक पूर्ण तरंगलांबी. तंतूंवर काम करणारेही तंतूचं टोक असंच तिरकं कापतात. अॅनालायझर चुकीच्या बाजूला फिरवला तर ४० ऐवजी १४० अंश हाती येतात. म्हणून योग्य बाजू आधीच ठरवून, वहीत बाण काढून ठेवणं बरं.

आकड्याचा अर्थ

पॉलिमरच्या बाबतीत हा आकडा साखळ्या किती एका दिशेला लागल्या आहेत ते सांगतो. सगळ्या साखळ्या अगदी समांतर असत्या तर जो बायरेफ्रिन्जन्स मिळाला असता त्याने मोजलेल्या आकड्याला भागायचं. हे गुणोत्तर म्हणजे हर्मन्स ओरिएंटेशन फंक्शन. पूर्ण समांतर साखळ्यांसाठी ते १, विस्कळीत मांडणीसाठी ०. पॉलिइथिलिनसाठी तो कमाल आकडा सुमारे ०.०५८ धरतात. वरची फिल्म पॉलिइथिलिनची असेल आणि ०.०१३३ हा आकडा खरा असेल तर गुणोत्तर ०.२३ येतं. ही सरासरी आहे हे विसरू नका. स्फटिकमय भाग आणि अस्ताव्यस्त भाग यांची मांडणी वेगवेगळी असते आणि ती सुटी करायला क्ष-किरणांची जोड लागते.

चिन्हाकडेही लक्ष हवं. पॉलिकार्बोनेट ताणलं तर संथ दिशा ताणण्याच्या रेषेत येते. पॉलिस्टायरिनमध्ये ती आडवी येते, कारण तिथे मुख्य साखळीला आडव्या बाजूंनी बेंझिनची वलयं लटकलेली असतात आणि इलेक्ट्रॉन त्या वलयांत जास्त सहज हलतात. दोन्ही नमुने सारख्याच ताकदीने ओढलेले असले तरी ५५० च्या पट्टीखाली एक निळा, दुसरा पिवळा दिसतो.

वितळून सावकाश थंड केलेल्या पॉलिमरमध्ये गोल वाढलेले स्फेरुलाइट दिसतात, प्रत्येकावर काळा क्रूस उमटलेला. क्रूसाचे हात म्हणजे जिथे त्रिज्या पोलरायझर किंवा अॅनालायझरला समांतर आहे त्या जागा. पट्टी घातली की समोरासमोरचे दोन चतुर्थांश निळे आणि दोन पिवळे होतात. कुठले निळे झाले त्यावरून संथ दिशा त्रिज्येत आहे की परिघाच्या बाजूने, हे कळतं. पॉलिइथिलिनमध्ये ती परिघाच्या बाजूने असते, म्हणजे साखळ्या त्रिज्येला आडव्या पडलेल्या असतात. वाढ बाहेरच्या दिशेला आणि साखळ्या आडव्या, हे एका रंगीत चित्रातून समजतं तेव्हा मला दर वेळी आनंद होतो.

काचेत गोष्ट ताणाची असते. डेव्हिड ब्रूस्टर यांनी १९व्या शतकाच्या सुरुवातीला दाखवलं, की दाबलेली काच स्फटिकासारखी वागते. त्यांच्याच नावाचं एकक इथे वापरतात : १ मेगापास्कल ताणाला दर मिलिमीटर जाडीत १ नॅनोमीटर रिटार्डेशन आलं तर तो १ ब्रूस्टर. नेहमीच्या काचेचा स्ट्रेस-ऑप्टिक गुणांक साधारण २.५ ते २.८ ब्रूस्टर असतो. रिटार्डेशनला हा गुणांक आणि जाडी यांनी भागलं की ताणातला फरक मिळतो. १० मिलिमीटर जाडीच्या काचेत २७ नॅनोमीटर रिटार्डेशन आलं आणि गुणांक २.७ असेल तर फरक १ मेगापास्कल. आकडा लहान वाटतो, पण चांगल्या भिंगांच्या काचेत दर सेंटिमीटरला १० नॅनोमीटरहून कमी रिटार्डेशन अपेक्षित असतं. ही काच पुन्हा भट्टीत घालून सावकाश थंड करावी लागेल.

इथे ‘ताणातला फरक’ हे शब्द मुद्दाम वापरले आहेत. पोलरायझरना दिसतो तो दोन काटकोनातल्या मुख्य ताणांमधला फरक, आणि तोही प्रकाशाच्या पूर्ण वाटेवर साठलेला. दोन्ही दिशांना सारखाच ताण असेल तर काहीच दिसत नाही. टफन्ड काच याचं उत्तम उदाहरण आहे. तिच्या पृष्ठभागावर मोठा दाब आणि आत ओढ असते. तरीही समोरून पाहिली तर ती बरीच शांत दिसते, कारण पृष्ठभागाच्या प्रतलात दोन्ही दिशांचा ताण सारखा असतो आणि जाडीभर दाब व ओढ एकमेकांना फेडतात. तीच काच कडेकडून बघा, पट्टे स्पष्ट उमटतात. ‘रंग नाही म्हणजे ताण नाही’ हा निष्कर्ष म्हणूनच धोक्याचा आहे.

सिलिकॉन वेफरसाठी हीच मांडणी अवरक्त प्रकाशात करावी लागते. सिलिकॉन दृश्य प्रकाश शोषतं आणि १.१ मायक्रॉनच्या पुढे पारदर्शक होतं.

एक प्रकार नवख्यांना नेहमी चकवतो. स्वतः बायरेफ्रिन्जन्ट नसलेल्या पदार्थाच्या बारीक, समांतर काड्या किंवा थर दुसऱ्या माध्यमात असतील आणि त्यांची जाडी तरंगलांबीपेक्षा बरीच कमी असेल, तर नुसत्या रचनेमुळे बायरेफ्रिन्जन्स येतो. त्याला फॉर्म बायरेफ्रिन्जन्स म्हणतात. सच्छिद्र फिल्म, तंतुमय ऊती, नॅनोतारांचे गालिचे यांत तो हमखास भेटतो. तपासणी सोपी आहे : काड्यांच्या अपवर्तनांकाशी जुळणाऱ्या द्रवात नमुना भिजवा. रचनेचा भाग नाहीसा होतो, रेणूंमुळे आलेला भाग उरतो.

द्रवस्फटिकांना (द्रवासारखे वाहणारे, पण रेणूंची मांडणी राखणारे पदार्थ) हॉट स्टेज जोडली की तापमानाचं परिमाण मिळतं. १८८८ मध्ये फ्रीडरिख राइनिट्झर यांनी कोलेस्टेरिल बेंझोएट दोनदा वितळतं हे पाहिलं : १४५.५ अंश सेल्सियसला गढूळ द्रव आणि १७८.५ ला स्वच्छ. ओटो लेहमान यांनी तो गढूळ द्रव तापवता येणाऱ्या मायक्रोस्कोपखाली, ध्रुवित प्रकाशात पाहिला. आजही नव्या संयुगाची पहिली परीक्षा हीच. तापवत जा आणि सगळं क्षेत्र काळं होतं ते तापमान लिहून घ्या.

अपवर्तनांक आणि पातळ थर

बायरेफ्रिन्जन्स हा फरक आहे, प्रत्यक्ष अपवर्तनांक स्वतंत्रपणे मोजावे लागतात. कण असतील तर माहीत असलेल्या अपवर्तनांकाच्या तेलांत ते बुडवून बेके रेषा बघा. स्टेज खाली नेली की कडेची उजळ रेषा जास्त अपवर्तनांकाच्या बाजूला सरकते. रेषा नाहीशी होईपर्यंत तेलं बदलत राहायचं.

वेफरवरच्या नॅनोमीटरभर थरांना एलिप्सोमेट्री लागते. तिरक्या कोनात परावर्तित झालेल्या प्रकाशाचं ध्रुवण कसं बदललं ते यंत्र मोजतं. सिलिकॉनवर हा कोन बहुधा ७० ते ७५ अंश ठेवतात. यंत्र थेट जाडी किंवा अपवर्तनांक मोजत नाही, दोन कोन मोजतं. बाकी सगळं तुम्ही निवडलेल्या मॉडेलमधून येतं. थर १० नॅनोमीटरहून पातळ असेल तर जाडी आणि अपवर्तनांक एकमेकांत गुंततात, एक वाढवून दुसरा कमी केला तरी वक्र तसाच जुळतो. तेव्हा दोन्हींपैकी एक दुसऱ्या पद्धतीने पक्का करावा. आणि थर विषमदैशिक (दिशेनुसार गुणधर्म बदलणारा) असल्याचा संशय असेल तर नमुना फिरवून, अनेक कोनांतून मोजल्याशिवाय तसं मॉडेल लावू नये. जास्तीचे चल टाकले की जुळणी सुधारतेच, ती खरी असल्याचा पुरावा होत नाही.

वहीत काय लिहायचं

तरंगलांबी, तापमान, जाडी आणि ती कशाने मोजली, नमुन्यातून प्रकाश कुठल्या दिशेने गेला, संथ दिशा कोणती, आणि पूर्ण तरंगलांबींची संख्या कशावरून ठरवली, या नोंदी प्रत्येक आकड्यासोबत हव्यात. तरंगलांबी विशेष जपून लिहा, कारण बायरेफ्रिन्जन्स तिच्यासोबत बदलतो. २०१८ मध्ये बेरियम टायटॅनियम सल्फाइडच्या स्फटिकात ०.७६ इतका प्रचंड बायरेफ्रिन्जन्स नोंदवला गेला, तो अवरक्त पट्ट्यातला आहे. तरंगलांबीशिवाय हा आकडा कॅल्साइटच्या ०.१७२ शेजारी ठेवला, तर दृश्य प्रकाशातलं आणि अवरक्तातलं मोजमाप एकाच रांगेत बसतं आणि वाचणाऱ्याला ते कळतही नाही.